मगदूम मॅडमचं हसू

मगदूम मॅडम हसत नाहीत, हे मिरजेतल्या त्या मुलींच्या शाळेत सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. गणिताच्या तासाला एखादी मुलगी उभी राहून "मॅडम, त्रिकोणाला चौथी बाजू काढली तर चालेल का?" असं विचारायची, अख्खा वर्ग खिदळायचा, आणि मॅडमचा चेहरा मात्र आणखी ताठ व्हायचा. पाय जुळवून, ओठ आवळून त्या फळ्याकडे वळायच्या. मागच्या बाकावरून कुजबूज यायची, "फ्रीज चालू झाला."

हीच त्रिशला मगदूम कोल्हापूरच्या कॉलेजात असताना हसण्यापायी कितीदा तरी वर्गाबाहेर गेली होती, हे त्या मुलींना सांगूनही पटलं नसतं. आता मात्र फळ्याकडे तोंड करून ती मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणत असायची. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. अडुसष्टपर्यंत पोचेतो हसू विझायचं आणि जीव भांड्यात पडायचा.

कारण अगदी साधं होतं. हसलं की लघवी व्हायची.

समीक्षाच्या, म्हणजे तिच्या एकुलत्या एका मुलीच्या जन्मानंतर हे सुरू झालं होतं. आधी थेंब-दोन थेंब. पुढे पाळी जायच्या सुमारास ते वाढत गेलं. समीक्षा आता बंगळूरला नोकरी करत होती, मिरजेच्या रस्त्यांवरून बिनचालकाच्या रिक्षा धावत होत्या, घरातला मिक्सर माणसासारखा बोलायला लागला होता. पण ही गोष्ट बोलायला त्रिशलाला अजून कुणी भेटलं नव्हतं. खोकला आवरता यायचा, जड पिशवी दुसऱ्याला उचलायला सांगता यायची. हसू मात्र कुठून येईल याचा भरवसा नसायचा. म्हणून तिने हसणंच सोडलं.

आणि नवरा कोण? तर अभिनंदन मगदूम. वीज-सामानाचं दुकान चालवणारा आणि रविवारी एकपात्री विनोदी कार्यक्रम करणारा. "माझं नाव अभिनंदन. शाळेत निकालाच्या दिवशी मास्तर म्हणायचे, 'अभिनंदन!' मी पेढे वाटायचो, आणि मग कळायचं की ते नापासांची नावं वाचत होते." सांगली-मिरजेकडे त्याचं बरं नाव होतं. त्रिशला त्याच्या कार्यक्रमाला कधीच जात नसे. पेपर तपासायचे आहेत, डोकं दुखतंय, पाहुणे येणार आहेत, असं काहीतरी असायचंच.

फ्रीज हे नावही मुलींनी शोधलेलं नव्हतं. ते अभिनंदनच्याच कार्यक्रमातलं होतं. "आमच्या घरी फ्रीज घ्यायची वेळच आली नाही. हिच्यासमोर दूध ठेवायचं, दोन मिनिटांत थंड!" हा तुकडा कुणीतरी मोबाइलवर टिपला आणि तो गावभर फिरला. त्रिशलाने तो पाहिला, फोन पालथा ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

शाळेत मुलींच्या रक्ततपासणीसाठी डॉ. फरहाना मुजावर आल्या तो सोमवार होता. मुलींना वर्गात पाठवल्यावर डॉक्टरांनी स्टाफरूमचं दार लोटून घेतलं.

"आता तुमच्याशी दोन मिनिटं बोलते. शिंक येण्याआधी पायाची अढी घालून कोण बसतं?"

कुणीच हात वर केला नाही. पण चित्रकलेच्या बाईंनी मराठीच्या बाईंकडे पाहिलं, मराठीच्या बाईंनी छताकडे पाहिलं, आणि मुख्याध्यापिकांनी एकदम खिडकी उघडली.

"वाटलंच," डॉक्टर म्हणाल्या. "दर तीन-चार बायकांमागे एकीला असतं, आणि प्रत्येकीला वाटतं की जगात आपण एकट्याच."

मग फळ्यावर खडूने एक झोळी काढून त्यांनी समजावून सांगितलं. कमरेच्या हाडांच्या मधोमध तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय तिच्यावर टेकलेलं असतं. माणूस खोकतो, शिंकतो, हसतो, तेव्हा छातीखालचा पडदा वरून दाबतो. निरोगी शरीरात तो दाब पोचायच्या क्षणभर आधी मज्जातंतू झोळीला हुकूम देतो, "आवळ!" बाळंतपणात, वयाबरोबर झोळी सैल पडते आणि हुकूमही उशिरा पोचतो. पुष्कळ जणींना रोजच्या व्यायामाने गुण येतो. काहींना येत नाही.

"ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे एका नव्या उपकरणाच्या चाचण्या चालू आहेत. तांदळाच्या दाण्याएवढं असतं. त्या तंतूजवळ बसवतो. दुसरं एक टिकलीसारखं बरगडीखाली चिकटवतो. टिकली छातीच्या पडद्यावर कान ठेवून बसते, आणि खोकला किंवा हसू निघालं रे निघालं की दाण्याला कळवते. तो हुकूम वेळेवर देतो."

त्रिशलाने डॉक्टरांचा नंबर घेतला आणि पुढे कितीतरी दिवस फोन केला नाही. व्यायाम तिने दोन वर्षांपूर्वीच मोबाइलवर पाहून नेटाने केले होते. शिंकेपुरता फरक पडला, हसण्यापुढे काही टिकलं नाही. तरी पाऊल उचलत नव्हतं.

मग एके दिवशी सकाळी अभिनंदन पोह्यांच्या बशीकडे बघत म्हणाला, "त्रिशला, मी कार्यक्रम बंद करतोय."

"का? काय झालं?"

"काल जयसिंगपूरला पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, याची स्वतःची बायको कधी येत नाही म्हणे. खरंच आहे ते. घरातलं माणूस ज्याला हसत नाही, त्याने गावाला काय हसवायचं? लोक हसतात ते तिकिटाचे पैसे दिलेत म्हणून." तो उठला आणि दुकानाच्या किल्ल्या शोधायला लागला. किल्ल्या त्याच्या हातातच होत्या.

त्रिशलाने त्याच दुपारी डॉ. मुजावरांना फोन लावला.

दाणा बसवायला दाताच्या डॉक्टरकडे लागतो तेवढाच वेळ लागला. मग शिकवणी सुरू झाली. खोकला दाण्याने लगेच ओळखला, शिंक चिमूटभर तपकिरीने शिकवून झाली. डॉक्टर म्हणाल्या, "खोकला आणि शिंक जवळपास सगळ्यांची सारखीच असते. हसू मात्र ज्याचं त्याचं वेगळं, अंगठ्याच्या ठशासारखं. ते तुमच्याकडूनच शिकायला हवं. आणि एक सांगते, खोटं हसून चालणार नाही. खोटं हसू मेंदूच्या वेगळ्या भागातून निघतं. दाणा फसत नाही."

त्यांनी गमतीचे व्हिडिओ लावले. एक मांजर अॅक्वेरियममध्ये पडली. एक नवरदेव घोड्यावर उलटा बसून गेला. बाजूच्या यंत्राच्या पडद्यावर तिच्या हसण्याची हिरवी रेघ किंचित वर यायची आणि लगेच चिमटीत धरल्यासारखी खाली जायची.

"तुम्ही आत्ता काय करताय?"

"सतराचा पाढा," त्रिशला ओशाळून म्हणाली. "आपोआपच सुरू होतो."

डॉक्टरांनी हातावर डोकं टेकलं. "मॅडम, तुम्ही हसू बाहेर यायच्या आत मारून टाकताय. असंच चाललं तर दाणा ते मेलेलं हसूच शिकेल. आणि त्याच्याभोवती मांस धरायच्या आत शिकवणी संपवायला हवी, नंतर त्याला नवं काही शिकवता येत नाही. तुम्हाला हसवणारं कोणी नाही का घरी?"

"आमचे मिस्टर विनोदी कार्यक्रम करतात."

"मग अडलंय कुठे?"

"त्यांना यातलं काहीच माहीत नाही."

डॉ. मुजावरांनी पडदा बंद केला.

रविवारी सकाळी अभिनंदन गॅलरीत बसून एक बिघडलेला पंखा उघडत होता. त्रिशला समोरच्या स्टुलावर बसली आणि सगळं सांगून टाकलं. बाळंतपणापासून ते दाण्यापर्यंत. पाढासुद्धा.

तो स्क्रू हातात धरून बसून राहिला. "एवढी वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"का पण? मी काय परका आहे?"

त्रिशलाने मान वर केली. "भीती वाटायची. तुम्ही स्टेजवर सांगाल म्हणून."

स्क्रू त्याच्या हातातून सुटला आणि गॅलरीच्या जाळीतून खाली गेला. तो वाकून शोधत राहिला, बराच वेळ. वर बघायची त्याची तयारी नव्हती. शेवटी तसाच वाकलेला म्हणाला, "तो फ्रीजचा विनोद... तू पाहिलायस?"

"गावाने पाहिलाय. माझ्या वर्गातल्या मुलींना तोंडपाठ आहे."

"आणि तू कधी बोलली नाहीस."

"बोलताना रडू आलं असतं. आणि तुम्ही म्हणाला असता, बघा, हिला विनोद कळत नाही."

अभिनंदन उठून बसला. त्याचे डोळे लाल झाले होते. "बायकोवरचे सगळे विनोद आजपासून बंद," तो म्हणाला. "आणि डॉक्टरांकडे मी येतो. मी हसवणार तुला. माझी उत्तमातली उत्तम पुंजी काढतो बघ."

तो आला. इस्त्रीचा झब्बा घालून आला. दवाखान्यातल्या छोट्या खोलीत त्याने उपरण्याचा पदर घेऊन म्हातारी केली, कन्नड हेल काढून कंडक्टर केला, लग्नातला रुसलेला मामा केला. नर्स भिंतीला टेकून हसत होती. डॉ. मुजावरांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्रिशला मनापासून पाढा थांबवून बसली होती, खूप प्रयत्न करत होती. हिरवी रेघ दोरीसारखी सरळ.

"मामा पुन्हा करू का?" घामाघूम होऊन अभिनंदनने विचारलं.

"नको," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "आज थांबू या. टिकली राहू दे अंगावर, घरी काही झालं तर टिपेल ती. पण एक लक्षात ठेवा, दाणा अजून शिकतोय. राखण करणार नाही."

दोघं बाहेर पडली. उन्हाळ्याचे दिवस होते. कोपऱ्यावर अभिनंदनने एक मोठं कलिंगड घेतलं, काहीतरी करायला हवं म्हणून. मग रिक्षा बोलावली. बिनचालकाची पिवळी रिक्षा येऊन उभी राहिली. त्याने कलिंगड दोघांच्या मध्ये ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. रिक्षा हलेना.

"नमस्कार," रिक्षा म्हणाली. "तिसऱ्या प्रवाशाने कृपया पट्टा लावावा."

"तिसरा कोण? आम्ही दोघंच आहोत," अभिनंदन म्हणाला.

"मधल्या आसनावर नऊ किलोचा प्रवासी आहे. लहान मुलांना पट्टा बंधनकारक आहे."

"अहो, कलिंगड आहे ते!"

"धन्यवाद. कलिंगड मगदूम यांचं वय सांगावं."

अभिनंदनचा दिवस आधीच वाईट गेला होता. त्याचा आवाज चढला. "वय कसलं? परवा वेलीवरून तोडलंय!"

"वय दोन दिवस. नवजात बाळासोबत आई आहे का?"

"आई शेतात आहे त्याची!" अभिनंदन ओरडला. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. तो मुळीच विनोद करत नव्हता. कानशिलं तापली होती, झब्ब्याची बाही कोपरापर्यंत चढली होती, आणि तो रिक्षातल्या त्या बोलक्या डबीला पोटतिडकीने पटवून देत होता. "फळ आहे हो ते! त्याला हात नाहीत, पाय नाहीत!"

"आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. कृपया पट्टा लावावा."

अभिनंदनने दात-ओठ खात पट्टा ओढला, कलिंगडाच्या पोटावरून घेतला, खटकन लावला आणि रागाच्या भरात त्याला म्हणाला, "बस आता नीट! हलू नकोस!"

त्रिशलाला आतून काहीतरी फुटल्यासारखं झालं. सतराचा पाढा सापडलाच नाही. ती हसली. आधी आवाजच फुटेना, मग एकदम फुटला. खांदे गदागदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ती कलिंगडावर ओणवी झाली आणि हसत राहिली. खाली ओलं झाल्याचं तिला कळलं. कळलं आणि तरी थांबता येईना, आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की थांबायचंही नाहीये.

अभिनंदन तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होता. हे हसू त्याने समीक्षाच्या जन्माआधी ऐकलं होतं.

रिक्षा पुन्हा बोलली. "मागच्या आसनावर ओलावा आढळला आहे. कृपया कारण सांगावं."

अभिनंदन एक क्षणही थांबला नाही. "कलिंगड फुटलंय जरा," तो म्हणाला, आणि खांद्यावरचं उपरणं काढून तिच्या मांडीवर पसरलं.

"कलिंगड मगदूम यांना रुग्णालयात न्यायचं का?"

आता तोही हसायला लागला. दोघं एकमेकांचे हात धरून, घर येईपर्यंत हसत होती.

दुसऱ्या दिवशी डॉ. मुजावरांनी नोंद पाहिली. रेघ पडद्याच्या वर निघून गेली होती. "एवढं पुरे झालं," त्या म्हणाल्या. "हे दाणा जन्मभर विसरणार नाही."

तेव्हापासून हसू यायच्या क्षणभर आधी त्रिशलाला ओटीपोटात मुंगी चालल्यासारखं व्हायचं, मग झोळी आवळायची, मग हसू. मधे भीतीला जागाच उरली नाही. आठवीच्या वर्गात ती पहिल्यांदा हसली तेव्हा मुली इतक्या घाबरल्या, की एकजण मुख्याध्यापिकांना बोलवायला निघाली होती.

पण मुंगीची एक भानगड होती. ती कधी खोटं बोलत नसे. अभिनंदन नवा विनोद घेऊन स्वयंपाकघरात यायचा, सांगायचा आणि बघत उभा राहायचा.

"आली?"

"नाही."

"थोडीसुद्धा?"

"अहो, खोटं कशाला सांगू? रुसलेल्या मामाला तर अजून एकदाही आलेली नाही."

दोन दिवस तो घुश्शात होता. "आता माझी कला तुझ्या पोटातला तांदूळ ठरवणार!" त्रिशला म्हणाली, "तांदूळ ठरवत नाही, मी ठरवते. तुम्ही पाठ केलेलं बोलता तेव्हा मला हसू येत नाही. पण परवा गॅसवाल्याशी भांडत होतात ना, तेव्हा मी भिंत धरून उभी होते." तो दुकानात निघून गेला, तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "गॅसवाल्याशी मी नक्की काय बोललो होतो, आठवतंय?" हळूहळू त्याचा निम्मा कार्यक्रम गळून पडला आणि नवा उभा राहिला. त्यात म्हाताऱ्या नव्हत्या, मामा नव्हते. यंत्रांशी, सरकारी कचेरीशी, स्वतःच्या चष्म्याशी जीव तोडून भांडणारा एक माणूस होता.

शिक्षिकांच्या मेळाव्यात त्याला बोलावणं आलं, तेव्हा त्रिशला पहिल्या रांगेत बसली. शेवटी त्याने कलिंगडाची गोष्ट घेतली. सभागृह हसून हसून लोळायला आलं. पट्टा लावला आणि रिक्षा निघाली, इथे त्याने गोष्ट संपवली. पुढचं त्याने गाळलं. तसं त्याने तिला वचनच दिलं होतं.

टाळ्या चालू असतानाच त्रिशला उठली, पायऱ्या चढली आणि त्याच्या हातातून माइक घेतला.

"यांनी गोष्ट अर्धीच सांगितली," ती म्हणाली. "पुढचं माझं आहे. त्या रिक्षात मी हसले आणि माझी साडी ओली झाली. खूप वर्षं होत होतं. म्हणून मी हसत नव्हते. मला फ्रीज म्हणायचे."

पंख्यांचा आवाज येऊ लागला. मग तिने रिक्षाचे उरलेले दोन प्रश्न सांगितले, नवऱ्याचं उत्तर सांगितलं. "कलिंगड मगदूम यांना रुग्णालयात न्यायचं का?" म्हटल्यावर असा हशा उसळला की माइक शिट्टी मारायला लागला. आणि हसता हसता सभागृहभर पायांच्या अढ्या पडल्या, हे तिला वरून स्वच्छ दिसलं.

कार्यक्रमानंतर बायकांनी तिला गराडा घातला, तेव्हा तिने दाण्याचंही सांगून टाकलं. अभिनंदनकडे कुणी फिरकलं नाही. तो तिची पर्स धरून बाहेर चहा प्यायला गेला. गर्दीतून एक निवृत्त बाई काठी टेकत पुढे आल्या.

"बाळ, मला काही दाणाबिणा नको. या वयात मला फक्त एकदा मोकळेपणाने शिंकायचंय."

"त्याला पुष्कळदा व्यायामानेच भागतं, बाई. आधी डॉक्टरांना दाखवा. पण व्यायाम सोपा आहे, बसल्या जागी करता येतो."

"मग शिकव की. इथेच."

त्रिशला खुर्चीवर बसली. "ताठ बसा सगळ्याजणी. पोट नाही आवळायचं, श्वास नाही धरायचा. लघवी अर्ध्यावर थांबवतो ना, तसं आतून आवळायचं आणि वर उचलायचं. हं, धरा... सोडा. पुन्हा."

भोवतालच्या बसल्या, मग त्यांच्या मागच्या, मग दारापाशी रेंगाळणाऱ्यासुद्धा. शेदीडशे बायका हात मांडीवर ठेवून, नजर शून्यात लावून, गंभीर चेहऱ्याने मुकाट बसल्या.

तेवढ्यात चहा संपवून अभिनंदन दारात आला. मघाशी हसून लोळणारं सभागृह असं चिडीचूप बसलेलं पाहून तो उंबऱ्यावरच थबकला. त्याने पर्स छातीशी धरली आणि अगदी मनापासून, घाबऱ्या आवाजात विचारलं,

"काय झालं हो? कोण गेलं?"

त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा हशा त्याला त्या दिवशी मिळाला. काठीवाल्या बाईंना हसता हसता शिंक आली, आणि ती त्यांनी दणदणीत देऊन टाकली.